जुन्या गाडीला पूर्ण रंग : निर्णय चकाकीवर नव्हे, पत्र्यावर

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे वाघाडी नदीकाठचे तालुक्याचे गाव. नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात स्थायिक झालेल्या अनेकांची घरे अशा गावांत आहेत आणि त्या घरांपुढे वडिलांनी हौसेने घेतलेली, आता वीस वर्षांची झालेली गाडी उभी आहे. इंजिन कुरकुर करीत नाही, बाजारहाटाला आणि लग्नकार्याला गाडी नेली जाते. परंतु टपाचा व बोनेटचा रंग पांढरट पडलेला असतो, दाराच्या कडेला तपकिरी फोड आलेले असतात. दिवाळीला घरी आलेला मुलगा म्हणतो, ‘एकदा पूर्ण रंगच मारून घेऊ.’ हा खर्च बहुधा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्याच्या घरात जातो. तो करण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम मूळ रंगाविषयी. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा, म्हणजे काचा, तारा, आसने काहीही न बसविलेला पत्रा, फॉस्फेटच्या द्रावणातून काढला जातो आणि नंतर प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर प्रायमरचा थर बसविला जातो. हा थर दारांच्या आतल्या पोकळीत, सांध्यांत, बाहेरून कधीही न दिसणाऱ्या कोपऱ्यांत पोहोचतो. तो सुमारे 160 ते 180 अंश सेल्सियस तापमानाला भट्टीत भाजला जातो. त्यावर आणखी थर चढून संपूर्ण रंगाची जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकी भरते.

हे काम पुन्हा कोणत्याही गॅरेजात होऊ शकत नाही. तयार गाडी 160 अंशांच्या भट्टीत घातली तर तारांची आवरणे, रबर आणि प्लास्टिक वितळून जाईल. म्हणून मोठ्या शहरांतील बंदिस्त रंगकक्षातही (ज्याला सर्वजण ‘बूथ’ म्हणतात) तापमान 60 अंशांच्या आसपासच ठेवतात. पूर्ण रंग म्हणजे गाडी ‘कंपनीतून आल्यासारखी’ करणे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. रंग सरसकट पत्र्यापर्यंत खरवडून काढला, तर गंजापासून सर्वांत चांगले संरक्षण देणारा थर आपण पैसे देऊन घालवितो. जेथे मूळ रंग पत्र्याला घट्ट धरून आहे, तेथे तो फक्त घासून त्यावर नवा थर चढविणे हेच शहाणपणाचे. पेंटर ‘सगळे साफ काढून नवे करतो’ असे अभिमानाने सांगू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे.

रंग गेला की फक्त तेज गेले?

विदर्भातील ऊन रंगाचा मोठा शत्रू आहे. उन्हातील अतिनील किरणांनी रंगातील बंध तुटतात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. टप, बोनेट व डिकी या आडव्या भागांवर ऊन थेट पडत असल्याने ते आधी बिघडतात. दारे बरीच वर्षे तग धरतात. तेव्हा प्रथम हे ठरवावे, की थर मेला आहे की केवळ वरची पापुद्र्याइतकी जाडी निस्तेज झाली आहे.

यासाठी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. ओल्या फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन बोनेटचा वीतभर भाग चोळावा. फडके गाडीच्या रंगाचे झाले (पांढऱ्या गाडीसाठी गडद फडके घ्यावे), तर रंग एकाच थराचा आहे असे समजावे. जुन्या गाड्यांच्या साध्या, चमक नसलेल्या रंगांत, विशेषतः पांढऱ्यात, हे अनेकदा आढळते. असा रंग कंपाउंड व पॉलिशने आश्चर्य वाटावे इतका परत येतो आणि पूर्ण रंगाचा प्रश्नच मिटतो. फडक्यावर रंग आला नाही, तर वर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर आहे. मेटॅलिक रंगांत तो असतोच. हा थर नुसता धुरकट झाला असेल तर पॉलिश उपयोगी पडते. मात्र त्याचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर कोणतेही पॉलिश त्याला परत चिकटवू शकत नाही; तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. येथे ‘तो भाग’ हे शब्द महत्त्वाचे. टप आणि बोनेट एवढेच बिघडले असतील तर तेवढेच रंगवावेत. छटेत उन्नीस-बीस फरक राहील. वीस वर्षांच्या गाडीला तो शोभून दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गंज शोधावा तो खालून

खरा निर्णय गंजावर अवलंबून असतो. कोकणात खाऱ्या हवेने गाडी सर्वांगाने गंजते. घाटंजीच्या परिसरात तसे होत नाही. येथील शत्रू काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरचा चिकट चिखल मडगार्डच्या आत आणि दारांखालच्या पट्टीत (गॅरेजच्या भाषेत रनिंग बोर्ड) जाऊन बसतो. ही माती ओल धरून ठेवते. बाहेरून गाडी कोरडी दिसते, आत मात्र पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात; ती मातीने बुजली की दार आतून कुजू लागते. बाहेर दिसणारा फोड हा या प्रक्रियेचा आरंभ नसून शेवट असतो.

म्हणून गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून पाहावी. पायाखालच्या चटया काढून फ्लोअर पाहावा, डिकीतील स्टेपनीखालची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि टपाच्या कडेचे गटर पाहावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने संशयित जागी ठोकावे. धातूचा खणखणीत आवाज येण्याऐवजी भद्द आवाज आला, तर पत्रा गेला आहे किंवा तेथे पूर्वी लांबी भरलेली आहे. साधे लोहचुंबकही उपयोगी पडते. लांबीच्या जाड थरावर ते नीट धरत नाही.

या तपासणीतून तीन प्रकारच्या गाड्या निघतात. काहींचा पत्रा निरोगी असतो. त्यांना पॉलिश किंवा दोन-तीन भागांचा रंग पुरे. काहींचा गंज दारे, मडगार्ड, डिकी अशा सुट्या भागांपुरता असतो. तेथे गंजका पत्रा कापून नवा तुकडा झाळून, आतून गंजरोधक लावून मग रंग द्यावा. बऱ्याच भागांना हात लागला तर पूर्ण रंग करणे सयुक्तिक ठरते. तिसऱ्या प्रकारात गंज फ्लोअर, रनिंग बोर्ड, चेसिसचे भाग व निलंबन जेथे जोडलेले असते त्या जागांपर्यंत गेलेला असतो. अपघातात प्रवाशाचे रक्षण करणारे भाग हेच. अशा गाडीला वरून चकचकीत रंग देणे धोक्याचे आहे. घरचे सर्वजण नव्या रंगाकडे पाहून निश्चिंत होतात आणि गाडी नागपूरच्या महामार्गावर नेतात.

घाटंजीत की बाहेर?

गावातील पेंटर उघड्या शेडमध्ये काम करतो, यवतमाळ सुमारे 40 किलोमीटरवर आहे, आणि नागपूरला अद्ययावत रंगकक्ष मिळतात. शेडमधील काम वाईटच असते असे नाही. घासाई आणि पत्र्याचे काम हाताच्या कसबाचे आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत, चार चकरा मारून करून घेता येते, हा गावचा मोठा फायदा. फवारणीच्या वेळची हवा मात्र उघड्या शेडमध्ये कोणाच्याच हाती नसते. मे महिन्यात 44-45 अंशांच्या उन्हात रंगाचे थेंब पत्र्यावर पसरण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावसाळ्यात दमट हवेने लॅकर दुधाळते. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू तरंगतात व ओल्या रंगावर बसतात. दसऱ्याच्या पूजेला गाडी हवी म्हणून आधीच्या पंधरवड्यात सर्वच पेंटरांकडे झुंबड उडते. ती घाई टाळून दिवाळीनंतर, दव ओसरल्यावर, दुपारच्या वेळी, जिनिंगपासून दूरच्या जागी फवारणी करून घ्यावी.

कोणता रंग वापरणार, हे आधी ठरवून कागदावर घ्यावे. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बोलीतील ‘एनसी’, हा थिनर उडून वाळणारा रंग स्वस्त व सोपा आहे. पण उन्हात लवकर खडूसारखा होतो. (1923-24 च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्युको’ या नावाने हाच प्रकार मोटारींसाठी प्रथम आला आणि रंग वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. आपल्याकडे ते नाव आता सुतारांच्या तोंडी अधिक असते.) ‘टू-के’ किंवा पीयू रंगात हार्डनर मिसळावा लागतो, तो महाग, पण ऊन व पेट्रोल सोसणारा. एनसीवर पीयू थेट मारला तर त्यातील थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. गाडी पूर्वी कधी गावात रंगविली असेल तर एखाद्या कोपऱ्यात थिनरचे फडके दाबून धरावे. रंग मऊ पडून फडक्याला लागला, तर तो एनसी आहे. मग तो काढावाच लागतो आणि खर्चाचे गणित बदलते.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून संरक्षण होत नाही. योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडेच काम द्यावे, आणि हे काम घराच्या अंगणात, मुलाबाळांच्या वावरात मुळीच करवून घेऊ नये.

दारांच्या चौकटी आतून रंगविणार का, काचांची रबरे, दिवे व मुठी काढणार की नुसते मास्किंग करणार, हेही विचारावे. रबराच्या कडेवर संपलेला रंग सर्वप्रथम तेथूनच सुटतो. मूळ रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या कप्प्यातील किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो.

कायदा आणि हिशेब

मूळ रंगच पुन्हा दिला तर परिवहन कार्यालयात जाण्याचे कारण नाही. रंग बदलला तर मात्र नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. एमएच-29 ची गाडी असेल तर यवतमाळच्या कार्यालयात. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची संमती लागते, आणि विमा कंपनीलाही कळवावे. जुन्या जीपला ‘मिलिटरी रंग’ देण्याची हौस ग्रामीण भागात फार. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

ऊन, काळ व गंज यांनी गेलेल्या रंगाचा दावा विम्यात बसत नाही. अपघाताच्या दुरुस्तीतही रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापला जातो. बिल एकत्रित असेल तर त्यातील 25 टक्के रक्कम साहित्याची धरतात.

आता उदाहरणादाखल हिशेब पाहू. समजा, 2004 साली नोंदविलेली मारुती 800 आहे. (या गाडीचे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले.) पहिली 15 वर्षे 2019 मध्ये संपली, पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाने आता मुदत 2029 पर्यंत आहे. त्या वेळी पुन्हा तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण शुल्क आले. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क 600 वरून 5 हजार रुपये झाले. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरील मोटारीसाठी ते 10 हजार रुपये केले. गाडीची बाजारकिंमत 70 हजार आणि रंगाचे अंदाजपत्रक 35 हजार असेल, तर हा खर्च खात्रीने 2029 पर्यंतच वाटून पाहावा. विकताना तो परत मिळेल ही आशा सोडून द्यावी. उलट, जुन्या गाडीवर नवा कोरा रंग दिसला की जाणता गिऱ्हाईक बिचकतो आणि जाडीमापक यंत्र लावून पाहतो. आकडा 300 मायक्रॉनच्या पुढे गेला की खाली लांबी असल्याचा संशय घेतो.

रंगाने गाडीचे कायदेशीर आयुष्य वाढत नाही, हे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने दाखविले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदविली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरताच 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सीचे पर्व संपले. गाडी 50 वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असेल, तर गोष्ट वेगळी. 2021 च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते, आणि संग्राहकांच्या जगात विटलेला पण मूळ रंग नव्या रंगापेक्षा मोलाचा मानतात. घरात अशी जुनी फियाट असेल तर जाणकाराने पाहिल्याशिवाय तिला पॉलिश पेपरही लावू नये.

हे सर्व पाहूनही वडिलांची गाडी म्हणून पूर्ण रंग करावयाचा असेल, तर तो जरूर करावा. प्रत्येक खर्च बाजारभावाने मोजण्याची गरज नाही. फक्त पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावर आणि लांबी भरण्यापूर्वी गाडी स्वतः पाहावी, तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतरच्या कामासाठी राखून ठेवावा. रंग झाल्यावर पहिला महिनाभर मेण किंवा पॉलिश लावू नये, कारण आतील थिनर पूर्ण निघून जाण्यास वेळ लागतो. आणि गाडी चिंचेच्या झाडाखाली उभी करू नये. पाखरांची विष्ठा नव्या रंगावर दोन दिवसांत कायमचा डाग पाडते.