रिकाम्या डब्याला एवढी किंमत का? जुन्या घड्याळांचे ‘बॉक्स अँड पेपर्स’ समजून घेऊया

जुना फोन विकायला काढला की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, “बिल-बॉक्स आहे का?” असेल तर भाव थोडा वर, नसेल तर लगेच संशय. फोन चोरीचा तर नाही ना? बॉक्सवरचा आयएमईआय नंबर आणि *#06# दाबल्यावर स्क्रीनवर दिसणारा नंबर जुळला की दोघांनाही हायसं वाटतं. हेच गणित स्विस घड्याळांच्या दुनियेत फार मोठ्या आकड्यांनी चालतं. तिथे तर घड्याळ नसलेला नुसता डबा आणि नुसता गॅरंटीचा कागदही वेगळा विकला जातो, आणि त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत चांगलेच चढलेत.

मी या विषयात शिरलो तो मामामुळे. मामाने 1980 च्या दशकात मस्कतला नोकरी करताना एक ओमेगा घेतलं होतं. घड्याळ अजून चालतं. बॉक्स मात्र दोन घरं बदलताना कुठेतरी गेला आणि गॅरंटीचा कागद कधी फेकला हे कोणालाच आठवत नाही. गेल्या वर्षी विकायचं मनात आलं तेव्हा घेणाऱ्याने घड्याळ हातात धरायच्या आधीच विचारलं, “पेपर्स?” नाही म्हटल्यावर त्याने भाव पाडला. पण खरी गंमत पुढे आहे. तो म्हणाला, “कोरा पेपर मिळवून देतो. नंबर टाकून घेऊ, मग बघा काय भाव येतो.” मामा क्षणभर विचारात पडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बॉक्समध्ये असतं तरी काय?

‘फुल सेट’ म्हणजे घड्याळ विकत घेतलं त्या दिवशी दुकानदाराने हातात दिलेलं सगळं. बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं, आतला चामड्यासारखा किंवा लाकडी डबा, माहितीपुस्तिका, लटकवलेला टॅग, काही घड्याळांसोबत छोटं कॅलेंडर कार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं गॅरंटीपत्र. यातलं काहीच नसेल तर संग्राहक त्याला ‘वॉच ओन्ली’ म्हणतात.

भाव का चढले, याचं साधं कारण म्हणजे त्या काळी हे कोणी जपलंच नाही. 1960-70 मध्ये घड्याळ रोज वापरायची वस्तू होती. गॅरंटी संपली की कागदाचा उपयोग संपला. डब्यात बटणं, सुया, नाणी गेली. (आमच्या आजोबांच्या एचएमटीच्या डबीत अजूनही ब्लाउजचे हूक आहेत.) जे डबे राहिले त्यांचं आतलं कृत्रिम चामडं कालांतराने चिकट होतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे घड्याळ दुरुस्त होऊन टिकतं, डबा टिकत नाही. त्यात 2020 ते 2022 च्या सुरुवातीपर्यंत सेकंडहँड घड्याळांचे भाव प्रचंड वाढले. नंतर ते खाली आले, पण तोपर्यंत ‘फुल सेटच हवा’ ही सवय नव्या ग्राहकांना लागली होती. हे ग्राहक फोनवर फोटो बघून खरेदी करणारे. घड्याळ हातात नसताना विश्वास ठेवायला त्यांना काहीतरी लागतं आणि कागद ते काम करतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाटेक फिलिप कंपनीला तुम्ही मूव्हमेंटचा आणि केसचा नंबर कळवलात, तर ती शुल्क घेऊन आपल्या जुन्या नोंदींचा उतारा देते: हे घड्याळ कधी बनलं, कधी विकलं गेलं. मूळ कागद हरवला तरी थोडा आधार उरतो. रोलेक्स असा उतारा देत नाही, आणि हरवलेल्या गॅरंटीपत्राची दुसरी प्रतही देत नाही. एकदा गेला तो कायमचा गेला. म्हणून जुन्या रोलेक्सच्या कागदाला एवढी ओढ.

कागद खरा कसा ओळखायचा?

अनेक जुन्या रोलेक्स गॅरंटीपत्रांवर सीरियल नंबर शाईने लिहिलेला नसतो, तो बारीक छिद्रांनी टोचलेला असतो. संग्राहक त्यांना ‘पंच्ड पेपर्स’ म्हणतात. 2006 च्या सुमारास कागदाऐवजी प्लास्टिकचं कार्ड आलं. घड्याळावर तोच नंबर शोधायचा तर जुन्या मॉडेलमध्ये पट्टा काढावा लागतो. सहाच्या आकड्याच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या दोन शिंगांच्या मधे तो कोरलेला असतो. विकणारा पट्टा काढून फोटो द्यायला तयार नसेल तर तिथेच थांबा.

नंबर जुळला म्हणजे झालं, असं मात्र नाही. तारीखही पटली पाहिजे. रोलेक्सने 1987 मध्ये नंबराआधी अक्षर लावायला सुरुवात केली, पहिलं अक्षर ‘आर’. साधारण 2010 पासून नंबर सरमिसळ झाले, त्यामुळे त्यावरून वर्ष कळत नाही. आता समजा कागदावर विक्रीची तारीख 1984 आहे आणि नंबर ‘आर’ने सुरू होतोय, तर काय समजायचं? घड्याळ दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहू शकतं, म्हणून कागदाची तारीख बनवण्याच्या वर्षानंतरची असणं अगदी साहजिक. बनायच्या आधी ते विकलं जाऊ शकत नाही.

अतिनील टॉर्चचाही उपयोग होतो, पण मर्यादित. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनं त्या प्रकाशात निळसर चमकतात, आणि त्यांचा वापर सर्रास झाला तो 1950 नंतर. 1940 चं म्हणून दाखवलेलं गॅरंटीपत्र टॉर्चखाली ट्यूबलाइटसारखं उजळलं, तर काहीतरी गडबड आहे. 1975 च्या कागदाबद्दल ही टॉर्च काहीच सांगत नाही. व्हिडिओंमध्ये हा फरक सहसा कोणी सांगत नाही, नुसती टॉर्च मारून “ओरिजिनल!” म्हणतात.

डब्यांचं अजून अवघड. डब्यावर त्या घड्याळाचा नंबर नसतोच. त्यामुळे ईबेवरून त्याच काळातला डबा घेऊन जवळच्या घड्याळासोबत जोडणं सोपं आहे. याला संग्राहक गमतीने ‘लग्न लावलेला सेट’ म्हणतात. डबा नंतर घेतलाय हे सांगून विकलं तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. सांगितलं नाही तर ती फसवणूक. आणि कोऱ्या गॅरंटीपत्रावर आज नंबर टोचून जुनी तारीख टाकणं म्हणजे सरळसरळ बनावट दस्तऐवज. मामाला मी एवढंच म्हटलं, “उद्या तो कागद घेऊन कोणी परत आला, तर सही कोणाची निघेल?”

कागद खरा, घड्याळ खोटं

हे फक्त छोट्या दुकानांत होतं असं समजू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात 1957 चं एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर विकलं गेलं. घेणारी होती खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते घड्याळ वेगवेगळ्या भागांतून जोडलेलं होतं आणि या प्रकरणात कंपनीचे तीन माजी कर्मचारी गुंतले होते. मुद्दा असा की कागद एका नंबराबद्दल बोलतो. तो नंबर असलेला भाग उचलून दुसऱ्या घड्याळात बसवला, तर कागदाला ते कळत नाही.

आपल्याकडे याचा स्वस्तातला अवतार आहे. जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ते हेच: जुनं मूव्हमेंट, वेगळी केस आणि नव्याने रंगवलेली भडक डायल. त्यासोबत डबा मिळाला तरी घड्याळ तेच राहतं. मी स्वतः तरी न रंगवलेली डायल आणि पॉलिशने न झिजलेली केस असलेलं ‘वॉच ओन्ली’ घेईन, फुल सेटमधलं घासून गुळगुळीत झालेलं घेणार नाही.

ब्लॉकचेनने हे सुटेल का, असं मला बरेच जण विचारतात. ब्राइटलिंगने 2020 पासून नव्या घड्याळांना डिजिटल पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. घड्याळ विकलं की तो नव्या मालकाच्या फोनवर पाठवता येतो. हरवणं, फाटणं, तारीख खोडणं हे प्रश्न त्याने मिटतात. पण तोही शेवटी नंबराशीच बांधलेला. आतले भाग बदलले तर फोनला कसं समजणार? रोलेक्सने डिसेंबर 2022 मध्ये वेगळा मार्ग घेतला. जुनी घड्याळं तपासून अधिकृत विक्रेत्यांमार्फत 2 वर्षांच्या नव्या गॅरंटीसह विकायची. इथे कोणीतरी घड्याळ उघडून बघतं, म्हणून मला हे जास्त पटतं. अर्थात त्याचे पैसे ग्राहकच भरतो.

तुमच्या घरात जुनं घड्याळ असेल तर आज एक काम करा. कपाटं, जुन्या ट्रंका, आजीचा शिवणाचा डबा बघा. दुकानाची पावती, दुरुस्तीची चिठ्ठी, तेच घड्याळ मनगटावर असलेला लग्नातला फोटो, सगळं एका पाकिटात ठेवा. ऑनलाइन फोटो टाकताना सीरियल नंबरचे शेवटचे तीन-चार आकडे झाका, कारण खोटा कागद बनवणाऱ्याला खरा नंबरच हवा असतो. आणि सर्व्हिसला दिलंत तर बदललेले जुने काटे, काच, डायल मागून घ्या. ते टाकाऊ वाटतात, पण संग्राहक त्यांचेही पैसे मोजतात.

मामाने तो कोरा पेपर घेतला नाही. नंतर मामीने जुने अल्बम काढले, त्यात मस्कतच्या खोलीतला एक फोटो सापडला. मामा स्टोव्हवर चहा करतोय आणि मनगटावर तेच घड्याळ. मागे तारीख लिहिलेली, 1986. आता घड्याळ विकायचं की नाही यावर घरात वाद चालू आहे.