अठरा वर्षांनी परतणारा चंद्र

आजच्या भागाची सुरुवात कोल्हापुरातून करूया. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, निदान आजीकडून ऐकला तरी असेलच. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. आधी देवीच्या पायांवर, मग थोडी वर, आणि शेवटी मुखावर. सूर्याची वाट ओळखून देवळाची दिशा धरलेली आहे, म्हणून हे घडतं.

अशीच धरलेली एक दिशा आपल्या या अमेरिकेतही आहे. फक्त तिथला पाहुणा सूर्य नाही, चंद्र आहे. आणि तो येतो अठरा वर्षांनी!

हे ठिकाण ओहायोमधल्या नेवार्कला आहे. न्यू जर्सीचं विमानतळवालं नेवार्क नव्हे हं! कोलंबसहून पूर्वेला गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. तिथे मातीचे बांध घालून रचलेला एक प्रचंड अष्टकोन आहे. क्षेत्रफळ सुमारे ५० एकर. एकेक बाजू साधारण ५५० फूट लांब, आणि उंची माणसाएवढी. त्याला जोडून २० एकरांचं एक वर्तुळ. आपल्याकडे सातवाहनांच्या काळात नाशिकची लेणी कोरली जात होती, साधारण त्याच सुमारास इथली माणसं टोपल्यांनी माती वाहत होती. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या, बैल नव्हते, लिपीही नव्हती. आज त्यांच्या संस्कृतीला होपवेल म्हणतात. ते स्वतःला काय म्हणवत, हे नाव काळात हरवलं.

आता मोजमाप पाहा. या वर्तुळाचा व्यास १,०५४ फूट. नेवार्कपासून सुमारे साठ मैलांवर, चिलिकोथीजवळ, असंच वर्तुळ आणि अष्टकोनाची दुसरी जोडी आहे. तिथल्या वर्तुळाचा व्यासही तेवढाच! आणि त्या जोडीचा मुख्य अक्ष नेवार्कच्या अक्षाशी बरोबर काटकोनात. हे अंदाजाने होत नाही. म्हणजे माप ठरलेलं होतं, आणि ते एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारी माणसंही होती.

पण हा अक्ष रोखलेला कुठे आहे? इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजमधले दोन प्राध्यापक, भौतिकशास्त्राचे रे हाइवली आणि तत्त्वज्ञानाचे रॉबर्ट हॉर्न, यांनी हे तपासलं. आधी त्यांनी सूर्याच्या दिशा लावून पाहिल्या. जुळेना. मग चंद्र घेतला, आणि गणित सुटलं. १९८२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

चंद्र रोज क्षितिजावर वेगळ्या जागी उगवतो. महिनाभरात तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊन परत येतो, झोक्यासारखा. हा झोका कधी लांब जातो, कधी आखूड. त्याचं एक आवर्तन पुरं व्हायला १८.६ वर्षं लागतात. झोका सर्वांत लांब जातो तेव्हा चंद्र उत्तरेच्या ज्या टोकाला उगवतो, त्याच टोकाकडे अष्टकोनाचा अक्ष रोखलेला आहे. चूक जेमतेम अर्ध्या अंशाची.

कुणी विचारेल, आठ कोपरे म्हटले की कुठलीतरी रेघ कशावर तरी जुळणारच! शंका रास्त आहे, आणि त्या दोघांनाही ती होती. म्हणून त्यांनी एका रेघेवर भिस्त ठेवली नाही. अष्टकोनाच्या इतर बाजूही चंद्राच्या वेगवेगळ्या टोकांशी जुळतात का, हे पाहिलं. चिलिकोथीची रचनाही मोजली. तिथेही चंद्रच भेटला. ही पुनरावृत्ती योगायोग मानणं अवघड आहे.

विचार करा, त्या काळी एका माणसाच्या आयुष्यात हे दृश्य दोनदा, फार तर तीनदा दिसणार. म्हणजे आजोबांनी पाहिलेलं नातवाला सांगितलं, नातवाने पुढे नेलं, तेव्हा कुठे माती पडली.

आणि या जागेचं पुढे काय झालं? १९१० पासून तिथे गोल्फ खेळत असत! बांधांवरून चेंडू जात, आणि बाकीच्यांना पूर्ण जागा पाहायला वर्षातले चारच दिवस. ज्यांचे पूर्वज ओहायोच्या या भूमीवर राहत होते, त्या शॉनी लोकांना तर १८३० च्या दशकात मिसिसिपीपलीकडे हुसकावलं होतं. जागेची मालकी असलेल्या ओहायो हिस्टरी कनेक्शन या संस्थेला क्लबचा भाडेपट्टा संपवण्यासाठी कोर्टात जावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. २०२३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. आणि १ जानेवारी २०२५ पासून अष्टकोन सगळ्यांसाठी खुला झाला, नेमका चंद्राचा झोका लांबात लांब जाण्याच्या काळात.

तो झोका पुन्हा एवढा लांब जाईल २०४३ च्या सुमारास. आज मागच्या सीटवर बसून हा कार्यक्रम ऐकणारी तुमची मुलं तेव्हा स्वतः गाडी चालवत असतील. एखाद्या वीकेंडला त्यांना नेवार्कला घेऊन जा. बांधावर चढू नका, कडेने चाला, आणि कोल्हापूरच्या किरणोत्सवाची गोष्ट तिथेच सांगा. २०४३ मध्ये ती गोष्ट पुढे सांगायला कुणीतरी हवं ना!

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.