अठ्ठेचाळीस किलोच्या रांगेत

१९९० साली फुकुओकातल्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेत ब्रिटनची कॅरन ब्रिग्ज उतरली होती. ४८ किलो गटात चार वेळा जगज्जेती ठरलेली बाई. तिला एका पंधरा वर्षांच्या जपानी शाळकरी मुलीनं हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. ती रियोको तामुरा. उंची १४६ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांहूनही बरीच कमी.

त्या काळी मुलींसाठी असं मैदान असणं हीच नवलाई होती. कोदोकान या ज्युदोच्या मूळपीठात महिला विभाग १९२६ पासून होता, पण बायकांनी शिकायचं, सामने खेळायचे नाहीत, असा दंडक. जपानमध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला १९७८ उजाडलं. १९८० ची पहिली महिला जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कला झाली, तीही रस्टी कानोकोगी या अमेरिकन बाईनं आपलं घर गहाण टाकलं म्हणून. याच रस्टीनं १९५९ मध्ये पुरुषांच्या संघातून खेळून लढत जिंकली होती आणि बाई आहे हे कळताच तिचं पदक काढून घेतलं गेलं होतं. १९९२ ला बार्सिलोनात महिला ज्युदोला ऑलिंपिकची पूर्ण पदकं मिळाली, तेव्हा तामुरा सोळा वर्षांची होती.

तिथे ती अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाककडून हरली. त्यानंतर चार वर्षं तिला कोणी हरवू शकलं नाही. सलग ८४ लढती जिंकून ती अटलांटा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. समोर होती उत्तर कोरियाची सोळा वर्षांची के सुन-हुई, जगाला जवळपास अनोळखी. तामुरा पुन्हा हरली.

ती खेळायची कशी, हे कुस्ती पाहणाऱ्याला चटकन कळेल. तिचा सेओई-नागे हा आपल्या धोबीपछाडाचा सख्खा भाऊ. समोरचीची बाही धरायची, गर्रकन वळून तिच्या पोटाखाली शिरायचं आणि पाठीवरून उचलून मॅटवर आणायचं. उंच मुलीला त्यासाठी गुडघे खूप वाकवावे लागतात. तामुरा मुळातच खाली होती. मी स्वतः याच वजनात खेळले आणि आता मुलींना शिकवते. बुटकेपणाची लाज वाटणाऱ्या मुलीला मी आधी तामुराच्या लढती दाखवते.

सिडनी ऑलिंपिकआधी ती म्हणाली होती, जास्तीत जास्त सुवर्ण, कमीत कमीही सुवर्ण. २००० साली अंतिम फेरीत रशियाच्या ल्युबोव्ह ब्रुलेतोव्हाला तिनं उचिमाता या डावानं मिनिटभराच्या आत पाठीवर टाकलं. इप्पॉन, म्हणजे थेट विजय. आठ वर्षांचं ओझं उतरलं. बेसबॉलपटू योशितोमो तानीशी लग्न झाल्यावर तानी या आडनावानं २००४ ला अथेन्समध्ये तिनं दुसरं सुवर्ण घेतलं. १९९३ ते २००३ अशी सलग सहा जागतिक अजिंक्यपदं, आणि मूल झाल्यावर २००७ मध्ये रिओत सातवं.

या सातव्या विजयाबद्दल मात्र मला मोकळेपणानं बोलायचंय. त्याच वर्षी जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत तोमोको फुकुमीनं तिला हरवलं होतं. फुकुमी शाळेत होती तेव्हा, २००२ मध्येही, तिनं हा पराक्रम केला होता. तरी रिओला तानीच गेली. २००८ ला एमी यामागिशीनं तिला हरवलं. बीजिंग ऑलिंपिकलाही तानीच गेली. निवडणाऱ्यांनी तिचा अनुभव आणि आधीची पदकं पाहिली. तिनं रिओत सुवर्ण आणलं, म्हणजे निवड चुकली असंही म्हणता येत नाही. पण तेव्हा एका वजन गटात एका देशाची एकच खेळाडू जायची. चाचणीत जिंकूनही घरी बसणं काय असतं, हे मला माहीत आहे. तेव्हा मनात राग असतो आणि सरावाला तर जावंच लागतं. एवढी मोठी खेळाडू मला प्रिय असूनही, २००७ ची जागा फुकुमीची होती, असं मला आजही वाटतं.

बीजिंगच्या उपांत्य फेरीत रोमानियाच्या अलिना दुमित्रूविरुद्ध शेवटच्या क्षणांत पंचांनी तानीला निष्क्रियतेचा दंड दिला. ती हरली, मग कांस्यपदकाची लढत इप्पॉननं जिंकली. पाच ऑलिंपिक, पाच पदकं. २०१० मध्ये ती जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेली आणि त्याच वर्षी खेळातून निवृत्त झाली.

फुकुमी २००९ ला रॉटरडॅममध्ये जगज्जेती झाली. ऑलिंपिकची संधी तिला २०१२ ला लंडनमध्ये मिळाली, तानीला पहिल्यांदा हरवल्यानंतर दहा वर्षांनी. उपांत्य फेरीत तिच्यासमोर तीच दुमित्रू उभी राहिली आणि फुकुमी हरली. कांस्यपदकाची लढतही तिच्या हातून गेली.