बाळागोळीपासून झोपेच्या तक्त्यापर्यंत

बालवाडीच्या किंवा पहिलीच्या वर्गात सकाळी डोळे चोळत येणारी दोन-चार मुलं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची असतात. "रात्री लवकर झोपतच नाही हो", "मध्येच दचकून उठतो आणि रडत बसतो", ही पालकांची तक्रारही नेहमीची. लहान मूल का झोपत नाही? प्रश्न फार जुना आहे. पण मूल झोपतं कसं हे नीट पाहण्याच्या कितीतरी आधी माणसांनी त्याला झोपवण्याचं औषध शोधून काढलं होतं. त्या औषधाची गोष्ट इंग्लंडच्या गिरण्यांपासून आपल्या गिरणगावापर्यंत येते.

बाटलीतली झोप

अठराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचं गोड, पातळ औषध विकलं जाई. त्यात काकवी, मसाले आणि अफूचा अर्क असे. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या वाढल्या. दिवसभर कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला मोठ्या बहिणीकडे किंवा पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या म्हातारीकडे सोपवत. एकाच वेळी अनेक बाळं सांभाळायची तर ती शांत हवीत, मग चमचाभर कॉर्डियल. फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवर १८४५ साली लिहिलेल्या पुस्तकात या औषधाचा उल्लेख आहे. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' खपू लागलं. त्यात मॉर्फीन होतं.

मॉर्फीन हा अफूतला मुख्य घटक. त्याने गुंगी येते, वेदना कमी होतात आणि श्वासाची लय सांभाळणारं मेंदूतलं केंद्रही मंदावतं. तान्ह्या बाळाचं यकृत पुरतं तयार झालेलं नसल्याने हे द्रव्य त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. शिवाय प्रत्येक दुकानदाराच्या बाटलीत अफूचं प्रमाण वेगळं. काही बाळं एका जास्तीच्या चमच्याने दगावली. अनेक बाळं हळूहळू खंगत गेली, कारण गुंगीत पडलेलं बाळ भुकेने रडत नाही आणि जे रडत नाही त्याला कोणी पाजत नाही. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याने अफूच्या विक्रीवर काही बंधनं आली. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यामुळे औषधात अफू-मॉर्फीन असल्यास तसं बाटलीवर छापणं भाग पडलं.

गिरणगावातली बाळागोळी

मुंबईत तीच परिस्थिती होती, तेव्हा उपायही तोच निघाला. इथे बाटलीऐवजी अफू घातलेली 'बाळागोळी' होती. १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं.

या आयांना दोष देणं सोपं आहे. पण गिरणीत दहा-अकरा तास, मग घरचं काम, चाळीतली एक खोली, आणि बाळ सोबत न्यावं तर यंत्रांचा खडखडाट आणि कापसाचा धुरळा. गोळी न देऊन त्यांनी काय करायला हवं होतं? म्हणूनच या प्रश्नावरचे खरे उपाय दवाखान्याबाहेर सापडले. बाळंतपणात रजा आणि भत्ता देणारं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाने गिरण्यांत पाळणाघरांची शिफारस केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं. बाळाची झोप सुधारण्यासाठी आईच्या कामाचे नियम बदलावे लागले, ही नोंद आपल्या इतिहासाच्या तासालाही सांगण्यासारखी आहे.

पापण्या पाहणारा विद्यार्थी

मूल झोपतं कसं, हे शिकागो विद्यापीठात नाथानिएल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर पाहिलं गेलं. युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला त्यांनी काम दिलं ते झोपलेल्या बाळांच्या पापण्यांकडे पाहत बसण्याचं. कंटाळवाणं काम! पण त्यातून दिसलं, की मधूनमधून काही मिनिटं पापण्यांची हालचाल पूर्ण थांबते आणि पुन्हा सुरू होते. पुढे त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर नोंदी घेतल्या. बंद पापण्यांआड डोळे वेगाने फिरत असल्याचे काळ त्यात दिसले. १९५३ मध्ये हा शोध जाहीर झाला आणि झोप एकसारखी नसते, तिच्यात आवर्तनं असतात, हे पक्कं झालं. मोठ्या माणसाचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं, तान्ह्या बाळाचं पाऊण ते एक तासाचं.

त्याच वर्षी क्लाइटमन आणि एंगेलमन यांनी बाळांच्या झोपेचे तक्तेही प्रसिद्ध केले. एका बाळाची झोप ११व्या दिवसापासून १८२व्या दिवसापर्यंत त्यात मांडली आहे. एका दिवसाची एक आडवी रेघ. वरच्या रेघांत झोपेचे तुकडे दिवसरात्र विखुरलेले दिसतात. खाली यावं तसे ते रात्रीकडे गोळा होतात. दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाचं शरीर काही महिन्यांत शिकतं. दीड महिन्याचं बाळ रात्री जागतं, तेव्हा ते खोडकर नसतं आणि आजारीही नसतं. त्याचं घड्याळ अजून लागायचं असतं.

किंचाळून उठणारं मूल

झोप लागून तास-दोन तास झाले की एखादं मूल किंचाळत उठून बसतं. डोळे उघडे, अंग घामेजलेलं, आईलाही ओळखत नाही. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. आपल्याकडे दृष्ट काढली जाते, बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला जातो. १९६८ साली रॉजर ब्रॉटन यांनी दाखवून दिलं, की हे वाईट स्वप्न नव्हे. मूल गाढ झोपेतून अर्धवटच जागं होतं. शरीर उठतं, भान येत नाही. झोपेत चालणंही याच प्रकारचं. खरी भीतिदायक स्वप्नं बहुधा पहाटेकडे पडतात आणि ती मुलाला आठवतात. अर्धवट जागं झालेल्या मुलाला गदागदा हलवू नये. ते पडणार नाही एवढं पाहावं आणि शांत होऊ द्यावं. झोप अपुरी झाली की हा त्रास वाढतो, वयाबरोबर तो बहुधा ओसरतो.

रोजचा क्रम

आता न झोपणाऱ्या मुलाकडे वळू. १९५९ मध्ये सी. डी. विल्यम्स यांनी एकवीस महिन्यांच्या मुलाची हकीकत लिहिली. तो बराच काळ आजारी होता. बरा झाल्यावरही रोज रात्री तो झोपेपर्यंत मोठ्यांना शेजारी बसावं लागे. त्यांनी प्रेमाने निजवून खोलीबाहेर पडायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तो पंचेचाळीस मिनिटं रडला, दहाव्या वेळेपर्यंत रडणं थांबलं. पुढे एकदा मावशी त्याचं रडणं ऐकून परत खोलीत गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं!

याचं कारण आवर्तनांत आहे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सगळेच क्षणभर जागे होतो. खांद्यावर झुलतच झोपण्याची सवय असलेल्या मुलाला त्या क्षणी पुन्हा खांदा हवा असतो.

म्हणून सरसकट रडू द्यावं का? तसं नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सतरा देश-प्रदेशांतल्या २९ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत, आशियातली बहुतेक मुलं आईवडिलांच्याच खोलीत झोपतात असं दिसलं. आपल्या घरांत दार लोटून निघून जायला दुसरी खोली असतेच असं नाही. सौम्य मार्गही आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ४०५ आयांनी भाग घेतलेल्या अभ्यासात रोज रात्री एकच क्रम पाळायला सांगितला: अंघोळ, अंगाला मालिश, मग शांतपणे जवळ घेणं किंवा अंगाई. काही आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्रीचं उठणं कमी झालं, आयांची मनःस्थितीही सुधारली. आपल्या आज्यांना हा क्रम नवा वाटला नसता.

प्रकाशाचंही पाहायला हवं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलॅटोनिन वाढतं आणि झोपेची तयारी होते. २०१८ मध्ये अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांवर छोटा प्रयोग झाला. झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळल्याने त्यांचं मेलॅटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं.

बाटलीचा मोह मात्र संपलेला नाही. गुंगी आणणारं प्रोमेथॅझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका आहे, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. पालकांच्या सभेत हे जरूर सांगावं.

वर्गासाठी एक उपक्रम

नववी-दहावीच्या मुलांना चौकटीचा कागद द्या. एका ओळीत चोवीस चौकटी, असे चौदा दिवस. घरातल्या किंवा शेजारच्या लहान मुलाच्या झोपेच्या चौकटी रंगवायच्या, दुपारची झोपही धरून. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते, एक-दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा. तक्ता पाहिला की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात: रविवारी उशिरा उठणं, पाच वाजेपर्यंत लांबलेली दुपारची झोप, पाहुणे आल्या दिवशीचं जागरण. मूल जोरात घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत झटके येत असतील, तर तो तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जावं. बाकीच्यांच्या बाबतीत आधी आठवडाभर झोपण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणून पाहावी आणि पुढच्या ओळी रंगवाव्यात.