राजाचा चेहरा कोण मंजूर करतो?

पोस्टाच्या तिकिटाला आपण साहित्याच्या वर्गात कधी संहिता मानत नाही. वास्तविक तिकिटालाही कर्ता असतो, संपादक असतो, जागेची सक्त मर्यादा असते आणि शेवटी मंजुरीची सही करणारा कोणी अधिकारी असतो. राजाच्या स्मरणार्थ निघालेल्या तिकिटात ही सारी मंडळी विशेष ठळकपणे दिसतात. नव्वद वर्षांपूर्वी तर चित्र ज्याचे, मंजुरीही त्याचीच, असा चमत्कारिक प्रकार इंग्लंडात रूढ होता.

पंचम जॉर्ज हा स्वतः तिकिटांचा नामांकित संग्राहक. त्याच्या कारकिर्दीतील पहिली तिकिटे १९११ साली निघाली. डाउनी यांच्या छायाचित्रावरून कोरलेला तो चेहरा ना राजाला रुचला, ना लोकांना. तो पुन्हा घडवावा लागला. १९३५ साली राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव आला, तेव्हा बार्नेट फ्रीडमन या चित्रकाराने तिकिटांचे आराखडे केले. त्यांतील अडीच पेनीच्या तिकिटाची एक गडद, प्रशियन निळी छटा नामंजूर झाली. मात्र त्या नामंजूर रंगातील काही ताव नजरचुकीने लंडनच्या एडमंटन भागातील टपालकचेरीत पोचले आणि विकलेही गेले. आज संग्राहक त्या तिकिटांसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात. मंजूर प्रतीपेक्षा बाद झालेला खर्डा मोलाचा ठरावा, यात पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना नवल वाटू नये.

त्याच निमित्ताने ६ मे १९३५ रोजी हिंदुस्थानात सात तिकिटांचा संच निघाला. तो छापला गेला नाशिकला. त्यापूर्वी कित्येक दशके आपली तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीत छापून बोटीने येत. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमुळे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे काम इकडे आले. नाशिकहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग थळ घाट उतरून कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव असा आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. तानशाला जायचे तर आटगावलाच उतरावे लागते.

या संचाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. साम्राज्यातील वसाहतींसाठी एकच ठरीव नमुना वापरला गेला होता: राजाचा चेहरा आणि सोबत विंडसरचा राजवाडा. हिंदुस्थानच्या तिकिटांवर राजा आहे, पण विंडसर नाही. अर्ध्या आण्यावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया, नऊ पैंवर कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल, एका आण्यावर रामेश्वरम, सव्वा आण्यावर कलकत्त्याचे जैन मंदिर, अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीन आण्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि आठ आण्यांवर मंडालेचा पॅगोडा. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच होता. ही यादी खानेसुमारीच्या धर्मवार कोष्टकासारखी वाचता येते. प्रत्येकाला एकेक तिकीट वाटून दिलेले! मुसलमानांच्या वाट्याला मात्र मशीद नव्हे, कबर आली. मुंबईची निवड आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. गेटवे हे १९११ साली याच राजाने मुंबईच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले त्याचे स्मारक. ते पुरे झाले १९२४ साली. म्हणजे राजाच्या स्मारक-तिकिटावर राजाचेच स्मारक. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तानशाचा बांध त्या चौकटीत येणे शक्यच नव्हते; उपकार कोणी कोणावर केले, हे सांगण्यासाठीच तर ते तिकीट होते.

स्वातंत्र्यानंतर मंजुरी देणारा राजा गेला, पण राजे तिकिटांवर येतच राहिले. १९५७ साली राणी लक्ष्मीबाई आल्या. १७ एप्रिल १९६१ रोजी शिवाजी महाराजांचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट निघाले. १९७९ साली राजर्षी शाहू आले. आता प्रस्ताव टपाल खात्याकडे जातो, तिकीटविषयक सल्लागार समिती त्याचा विचार करते, व्यक्ती सर्वसाधारणपणे हयात नसावी आणि जन्मशताब्दी, पुण्यतिथी यांसारखे निमित्त असावे, अशी अट असते. मग चित्रकार, आराखडा, मंजुरी, छपाई. कागदावर ही वाट सरळ दिसते. पण ज्याचा चेहरा, तो मान डोलवायला हजर नाही, ही खरी अडचण तेथे सुरू होते.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत ती अडचण महाराष्ट्राला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका मुसलमान सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून दुसरे चित्र पुढे आणल्यावर ते मागे पडले. पुढे कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगविलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानले. कचेऱ्यांच्या भिंतींवर आपण ज्यांना नमस्कार करतो, ते महाराज या अर्थाने मंजूर झालेले आहेत. यात आम्हांला उणे काही दिसत नाही. फक्त पुरावा आणि मंजुरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे पंचवीस पैशांचे तिकीट या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याची तारीख २ जून १९७४. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी, असे आपण पाठ केलेले. मग चार दिवस आधी का? कारण त्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २ जूनला आली होती. इंग्रजी तारखेऐवजी रायगडाची तिथी टपाल खात्याच्या शिक्क्यावर उमटली. राजाच्या संमतीची जागा येथे पंचांगाने घेतली, असे म्हणावेसे वाटते.

आता आमच्या परिसरातील एक कल्पित प्रस्ताव. तानशाच्या जंगलावर माहुलीचा किल्ला उभा आहे. १६३६ साली निजामशाहीचा बालवारस हाताशी धरून शहाजीराजांनी शेवटचा लढा तेथे दिला. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे तेव्हा गडावर होते, असे परंपरा सांगते. उद्या त्या प्रसंगाचे तिकीट काढायचे ठरले, तर चित्रकाराने कशावरून काढावे? त्या वयातील अस्सल चित्र म्हणून दाखविता येईल असे काही नाही. कपाळ, नाक, पागोटे, सारे कल्पनेतून येईल. समिती एखादी रेषा बदलायला सांगेल. ताव नाशिकला छापले जातील आणि आमच्या शाळांतील मुले वर्षभरात तोच चेहरा वहीच्या पाठीमागे काढू लागतील.