‘टीपा लिहा’मधली एक बाई

नववीत दुसरं महायुद्ध शिकवताना बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली होती : ‘न्यूरेंबर्ग येथे नाझी युद्धगुन्हेगारांवर खटले चालवण्यात आले.’ टीपा लिहा, गुण ४. आपण सगळ्यांनी ती पाठ केली. ‘चालवण्यात आले’ म्हणजे नेमके कोणी चालवले, हे वर्गात कोणीच विचारलं नाही. पुढे मी वकील झाले, तालुक्याच्या कोर्टात उभी राहू लागले, तेव्हा तो प्रश्न मला पडला. स्मरणिकेसाठी लेख मागितला म्हणून त्या खटल्यांतल्या एका वकील बाईंबद्दल लिहिते.

त्यांचं नाव सेसिलिया गोएट्झ. जन्म १९१७ चा. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४० मध्ये कायद्याची पदवी घेतली. तिथल्या विधी नियतकालिकाच्या त्या मुख्य संपादक होत्या. नंतर अमेरिकेच्या न्याय विभागात नोकरी. न्यूरेंबर्गला वकील हवेत असं कळल्यावर त्यांनी अर्ज केला, पण लष्करी खात्याला बायका वकील म्हणून नको होत्या. शेवटी मुख्य अभियोक्ता टेलफर्ड टेलर यांनी त्यांच्यासाठी एक माफीपत्र दिलं. कमी दिसणं, पाय अधू असणं अशा उणिवांकडे काणाडोळा करून माणूस घ्यायचा असेल, तर जो कागद करतात, तसाच हा कागद. सेसिलियांची उणीव एवढीच, की त्या बाई होत्या.

हे वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. काळा कोट घालून मी समोर बसले होते आणि पक्षकार विचारत होता, ‘ताई, वकीलसाहेब कधी येतील?’ आपल्याकडची गोष्ट तर आणखी जुनी. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. पण स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा भारतात यायला १९२३ साल उजाडलं.

आपण पुस्तकात वाचला तो मोठा खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ ला संपला. गोअरिंग, हेस वगैरे त्यातले आरोपी. त्याच्या तयारीतही स्त्रिया होत्या. हान्स फ्रांकविरुद्धची मांडणी तयार करण्यात हॅरिएट झेटरबर्ग यांचा मोठा वाटा होता, पण न्यायालयात ती मांडायला त्यांचे पुरुष सहकारी उभे राहिले. त्यानंतर अमेरिकेने त्याच इमारतीत डॉक्टर, न्यायाधीश, कारखानदार यांच्यावर आणखी १२ खटले चालवले. सेसिलियांचा खटला त्यांतला दहावा, क्रुप खटला. क्रुप म्हणजे एसेन शहरातलं पोलाद आणि तोफांचं प्रचंड घराणं.

या वकिलांचे दिवस कसे जात? शहराचा जुना भाग बाँबहल्ल्यांत जवळजवळ संपूर्ण पडलेला. विटामातीच्या ढिगाऱ्यांमधल्या वाटेने न्यायमंदिरात जायचं. बाहेर जर्मन लोक शिधापत्रिकेवर अर्धपोटी, सिगारेटचं पाकीट हेच चलन. अमेरिकी कर्मचाऱ्यांना मात्र पोटभर जेवण, ऊब, आणि संध्याकाळी ग्रँड हॉटेलात संगीत आणि नाच. दिवसभर वेठबिगारीचे कागद वाचायचे आणि रात्री त्या झगमगाटात बसायचं, असं ते विचित्र आयुष्य.

आणि काम म्हणजे मुख्यतः कागद. कंपनीच्या कपाटांतून जप्त केलेली पत्रं, हिशेब, बैठकींची टिपणं. प्रत्येक कागद वाचायचा, त्याला क्रमांक द्यायचा, छायाप्रती काढायच्या, इंग्रजी भाषांतर तपासायचं, बचावपक्षाला प्रत द्यायची. कोर्टात कानाला श्रवणयंत्र लावून बसायचं. वक्ता फार भरभर बोलला की पिवळा दिवा लागे, थांबायचं असेल तर लाल. जर्मनमध्येही मराठीसारखंच क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं, त्यामुळे साक्षीदाराने काय ‘केलं’ की ‘केलं नाही’, हे वाक्य संपेपर्यंत दुभाष्यालाही कळत नसे.

८ डिसेंबर १९४७ ला क्रुप खटला उभा राहिला. सरकारपक्षाच्या आरंभीच्या निवेदनाचा एक भाग सेसिलियांनी सादर केला. समोर आल्फ्रीड क्रुप आणि कंपनीचे ११ अधिकारी. आरोप लुटीचे आणि गुलामीचे. ऑशविट्झच्या छावणीतून आलेल्या ५२० तरुण ज्यू मुलींना या कंपनीने १९४४ मध्ये एसेनच्या कारखान्यात राबवलं होतं. त्यांतल्या काही मुली पळून जाऊन वाचल्या, आणि त्यांची साक्ष या खटल्यात झाली.

३१ जुलै १९४८ ला निकाल लागला. १२ पैकी ११ दोषी. आल्फ्रीडला १२ वर्षांची कैद आणि मालमत्ता जप्त.

पण १९५१ च्या सुरुवातीला जर्मनीतले अमेरिकी उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी आल्फ्रीडची शिक्षा कमी करून त्याला सोडलं, मालमत्ताही परत केली. शीतयुद्ध सुरू झालं होतं आणि अमेरिकेला पश्चिम जर्मनी आपल्या बाजूला हवा होता. कागदांवर वर्षं घालवलेल्या वकिलांना काय वाटलं असेल? वरच्या कोर्टात निकाल फिरला की आम्हा वकिलांची जी रात्र जाते, त्यावरून मी अंदाज करते.

मग ते सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. शिक्षा माफ करता आली, पण पुरावा पुसता आला नाही. त्या मुलींचा आकडा, कंपनीची पत्रं, साक्षी, सगळं नोंदलेलं राहिलं. १९५९ मध्ये क्रुप कंपनीने कायदेशीर जबाबदारी नाकारत का होईना, पण ज्यू वेठबिगारांना भरपाई द्यायचं कबूल केलं. आज मी त्यांच्याबद्दल खात्रीने लिहू शकते, ते कोणीतरी कागद नीट लावून ठेवले म्हणून.

सेसिलिया मायदेशी परतल्या, वकिली करत राहिल्या, आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्ह्यात दिवाळखोरी न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. तेव्हा त्यांना कोणाचं माफीपत्र लागलं नाही. २००४ मध्ये त्या वारल्या.

बाई, तुम्ही संमेलनाला येणार आहात असं कळलं. त्या चार गुणांच्या टीपेत मी तेव्हा तीन ओळी लिहिल्या होत्या आणि तुम्ही अडीच गुण दिले होते. राहिलेलं उत्तर आज लिहून देते आहे. पुन्हा तपासाल का?