बडोदा कॉलेजचे मराठी विद्यार्थी आणि सुरतेचा रेल्वेमार्ग

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सचिननंतर भेस्तान, उधना आणि मग सुरत ही स्थानके येतात. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला हा भाग. येथील महाविद्यालये आज वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाला नर्मदांचे नाव २००४ मध्ये मिळाले. गुजरातेतील मराठी विद्यार्थिजीवनाचा धागा मात्र त्याहून जुना असून तो बडोद्याला जातो.

१८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. अरविंद घोष तेथे फ्रेंच व इंग्रजी शिकवीत. १८९९ च्या स्नेहसंमेलनात त्यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दाखला देऊन विद्यार्थ्यांच्या सामूहिक जीवनाचे महत्त्व मांडले. आपल्याकडे ‘गॅदरिंग’ म्हणजे केवळ नाच-नाटक असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

१९१४ च्या सुमारास विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा, यांनी मित्रांसह विद्यार्थी मंडळ स्थापन केले. शिवजयंती, दासनवमी, व्याख्याने आणि लोकांकडून मागून आणलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय असा त्याचा व्याप होता. मॅझिनीवरील विनोबांचे व्याख्यान येथलेच. एका शिवजयंतीला मंडळींनी इतिहासाचा तास बुडवून उत्सव रानात साजरा केला. दंड होणार हे ठाऊक असल्याने दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आठ आणे खिशात घालूनच वर्ग गाठला. शिक्षकांनी जाब विचारताच, गुलामीच्या घरात शिवजयंती साजरी होऊ शकत नाही, असे उत्तर देऊन त्यांनी दंड तेथल्या तेथे भरला.

इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जावे लागे. २५ मार्च १९१६ रोजी विनोबा त्यासाठीच निघाले. पण सुरतेला उतरून, वडिलांना पत्राने कळवून, दोन मित्रांसह काशीच्या गाडीत बसले. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती. मंडळातील गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे हे सोबतीही पुढे आश्रमीय कार्यात आले.

बडोदा कॉलेज १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू होत्या. १९५० पासून तेथील ललितकला विद्याशाखेत ना. श्री. बेंद्रे यांनी चित्रकारांची नवी पिढी घडविली. या शाखेचा कलामेळा आणि नवरात्रातील गरबा आजही विद्यार्थीच उभा करतात.